पेल्यांची उतरंड

तीन वर्षांच्या लेकराची मुलाखत घेतात हे उज्वलाला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. पण लातुरात राहून ट्यूशनच्या पोरांना डबे पुरवायला लागल्यापासून तिचं ते हसू आटून गेलं होतं.

रेणापूर, जळकोट, पार बिलोलीकडून पोरं यायची. अकरावी-बारावीची. एकेका खोलीत चौघंचौघं, कॉटखाली ट्रंका, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं. उज्वला पहाटे उठून त्यांच्या पोळ्या लाटायची आणि तिचा नवरा सिद्धराम ते डबे ऑटोत घालून खोल्याखोल्यांवर पोचवायचा. कुठल्या पोराचं काय चाललंय ते तिला परत आलेल्या डब्यावरून कळायचं. परीक्षेच्या तोंडावर डबे न उघडताच परत यायचे, भाजी जशीच्या तशी. निकाल लागला की चौकाचौकात बोर्ड चढायचे आणि बोर्डावर पासपोर्ट फोटोतली पाच-सहा तोंडं. बाकीच्या पोरांचं काय झालं ते एकाही क्लासवाल्यानं कधी छापलं नाही. ती पोरं ट्रंक उचलून एसटीनं गावाकडं जायची आणि त्यांच्या कॉटवर दुसरी पोरं येऊन झोपायची. गादीसुद्धा बदलत नव्हते.

त्यातलाच एक बिलोलीचा पोरगा जाताना डबा द्यायला आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "काकू, माझं बेसिकच कच्चं होतं. लई उशिरा कळलं."

पोरगा गेला, पण त्याचं ते 'बेसिक' उज्वलाच्या डोक्यात ठाण मांडून बसलं. सत्यम तेव्हा नुकताच तीन वर्षांचा झाला होता. नाक पुसायला गेलं की तोंड फिरवायचा आणि चप्पल कायम उलटी घालायचा. त्याचं बेसिक पक्कं करायचं तर आत्ताच, असं तिनं ठरवून टाकलं.

शाळाही तिनं हेरून ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून, हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्याला. वर्ग फक्त दुसरीपर्यंत, पण बाहेरच्या बोर्डावर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो. दुसरीतली कुठली पोरं मेडिकलला लागायला बसलीत? ते फोटो संस्थाचालकाच्या भावाच्या क्लासमधले होते. त्यातल्या दोघांनी उज्वलाच्या हातचं खाल्लेलं, त्यामुळं खोटं तिला सगळ्यात आधी कळलं होतं. तरी तिला सत्यमला तिथंच घालायचं होतं. आईबाप असेच असतात. थाप दिसत असते, थापाड्या दिसत असतो, आणि तरी त्याच्याच दारात रांग लावून उभे राहतात. शेजारचा उभा आहे म्हटल्यावर आपण मागं कसं राहायचं?

"मुलाखतीत इचारतेत काय?" तिनं शाळेतल्या सरजाबाई मावशींना गाठून विचारलं.

"इचारत न्हाईत. दोन-चार लेकरं बसवतेत आन् मधी एकच खेळणं ठेवतेत. वाटून खेळतंय का हिसकायलंय ते बघतेत. हिसकावलं की मॅडम नाक मुरडती."

सत्यम आणि वाटून?

दुसऱ्या दिवसापासून अंगणात तालीम सुरू झाली. समोरच घरमालकीण कमरुन्निसा खाला राहायच्या. त्यांची नात मनतशा सत्यमच्याच वयाची. उज्वलानं दोघांना समोरासमोर बसवलं आणि मधे सत्यमची पिवळी मालगाडी ठेवली. तिचं एक चाक कधीच गेलं होतं.

"सत्यम, मनतशाला दे बरं."

"माजी हाय."

"तुजीच हाय राजा. थोडा वेळ दे. मग ती परत दील."

"न्हाई. ती न्हाई देत. माजी हाय."

मनतशा देण्या-घेण्याच्या भानगडीत पडली नाही. ती सरळ पुढं वाकली आणि सत्यमच्या मनगटाला कडकडून चावली. सत्यमनं गाडी सोडली, भोकाड पसरलं, मग तीच गाडी उचलून तिच्या डोक्यात घातली. दोघं तोंडं वर करून एका सुरात रडायला लागली.

खाला दारात लसूण सोलत बसल्या होत्या. सोललेली पाकळी वाटीत टाकून म्हणाल्या, "काय शिकवायलीस गं लेकराला?"

"वाटून खेळायचं, खाला. शाळेत लागतंय."

"आमचा लेक लालमहंमद चाळिशीला आला. गंजगोलाईच्या बाजारात दुकान हाय बापाचं. अजून भावाला अर्धं शटर सोडंना. त्याला न्हाई शिकवता आलं मला, आन् तू ह्या चिमणीएवढ्याला शिकवायलीस." मग नातीकडं बघून, "ए मनतशा, इकडं ये. दात लई चालायलेत तुझे. लसूण चाव."

"तुम्ही मनतशाला कुठं घालणार?" उज्वलानं सत्यमच्या मनगटावरचे दात बघत विचारलं.

"अंगणवाडीत. घातली की. ती काय, कोपऱ्यावरची."

"तिथं नुसती खिचडी खाऊन येतेत लेकरं."

"मग खिचडी वाईट असती का?" खाला म्हणाल्या. "तू तर डबे इकतीस."

आठवडाभर तालीम चालली आणि आठवडाभर गाडी सत्यमचीच राहिली.

आता त्या घराचं सांगायला पाहिजे. उज्वलाचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. चैत्र-वैशाखात आत भाकरीसाठी चूल पेटवायची गरज नव्हती, नुसती थापून ठेवली तरी भाजली असती. त्याच भाड्यात स्लॅबच्या खोल्या मिळत होत्या, पण सिद्धराम स्लॅबखाली झोपायला तयार नव्हता. दुसऱ्याच्या घरी गेला तर दाराजवळ बसायचा. रात्री दाराला कडी लावू द्यायचा नाही, नुसतं लोटलेलं. आणि सगळ्यात उज्वलाच्या डोक्यात जायचं ते म्हणजे पेले. झोपायच्या आधी तो उशाशी पितळी परात ठेवायचा आणि परातीत स्टीलचे पेले एकावर एक, एक उलटा एक सुलटा, अशी उतरंड रचायचा. जमीन हलली तर पेले आधी पडतात. आवाज होतो. माणूस जागा होतो.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावोगावच्या पत्र्याच्या शेडांत सगळेच असं करायचे. वर्षा-दोन वर्षांनी लोकांनी पेले परत पाणी प्यायला घेतले. सिद्धरामनं घेतले नाहीत.

भूकंप झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. किल्लारीच्या बाजूचं गाव. गणपती बुडवून आल्यावर तो शेजारच्या कस्तुराबाईच्या पोराबरोबर, तिच्याच घरात झोपला होता. पहाटे घर हललं तेव्हा कस्तुराबाईनं अंधारात हात घातला, पोराचा हात लागला, तो ओढला आणि बाहेर पळाली. मागं माळवद, ते मातीचं जड छप्पर, खाली बसलं. उजाडल्यावर तिनं बघितलं. हातात होता तो सिद्धराम होता.

त्याच्या स्वतःच्या घरात कुणी उरलं नव्हतं. कस्तुराबाईनं तो हात सोडला नाही. वाढवला, लग्न करून दिलं. उज्वला सून म्हणून त्या घरात गेली तेव्हा त्या माउलीनं तिला हे सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगितलं होतं. शेवटी एवढंच म्हणाली होती, "हाताला जो लागंल तो धरायचा, पोरी. कुणाचा हाय ते बघत बसलं असतं तर दोघंबी गेले असते."

तिनं अंधारात हात घातला असेल तो आपल्याच पोरासाठी. पण असं तिला कोण म्हणणार?

हे उज्वलाला ठाऊक होतं, म्हणून ती पेल्यांवरून भांडायची ते तोंडदेखलं. खरा राग आला तो सिद्धराम लेकराला त्यात ओढायला लागला तेव्हा. सत्यम चालायला लागला तसा त्याचा हात परातीला लागायचा, पेले धडाधड कोसळायचे आणि तो दचकून रडायचा. लेकराला भीती वाटू नये म्हणून सिद्धरामनं त्याचा खेळ केला. पेले पडले की उठायचं, जवळ जो असेल त्याचा हात धरायचा आणि अंगणातल्या शेवग्याखाली जाऊन उभं राहायचं. तिथं गुळाचा खडा मिळणार. एकटं पळत आलं तर गूळ नाही.

"लेकराच्या डोक्यात काय भरायलाव?" उज्वला म्हणायची.

"भरत न्हाई. पायात भरायलोय," सिद्धराम म्हणायचा. "डोक्यात भरलं की भ्या वाटतं."

सत्यमला तो खेळ सगळ्यांत आवडायचा. मनतशा तर गुळासाठी दिवसातून दहादा पेले पाडायची.

मुलाखतीच्या दिवशी उज्वलानं ठेवणीतली साडी काढली. सत्यमला भांग पाडून दिला, तो त्यानं ऑटोतच विस्कटला. सिद्धराम शाळेच्या जिन्यापाशी थांबला, वरच्या मजल्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "तू जाऊन ये. मी गाडीपाशी हाय." तिथं दुकानापुढच्या पटांगणाच्या कडेला एक कडुलिंब होता. त्यानं ऑटो त्याच्या सावलीत लावली.

वर खोलीत एअर कूलर, भिंतीवर सफरचंद आणि विमानं. आया भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि एकमेकींच्या लेकरांकडं बघून हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. मॅडम तिशीतली, चष्म्याची, सकाळपासून अशीच लेकरं बघून थकलेली. ती वाईट नव्हती. पोरांशी खाली बसून बोलत होती. फक्त तिला पगार देणारा वेगळा होता आणि त्याला बोर्ड हवे होते.

सत्यम, निळ्या बुटांचा एक गुबगुबीत पोरगा आणि दोन मुली अशी चौघं चटईवर बसवली. मॅडमनं मधे रंगीत प्लास्टिकचे पेले ठेवले, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकावर एक रचायचे.

"चला, सगळे मिळून खेळा बरं. शेअर करायचं हं."

सत्यमनं पेले बघितले आणि त्याचा चेहरा उजळला. सगळे पेले त्यानं दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढले.

"बाळा, एक याला दे," मॅडम म्हणाली.

"माजे हायेत."

"सगळ्यांचे आहेत ना?"

"माजे हायेत," सत्यम म्हणाला आणि रचायला लागला. एक उलटा, एक सुलटा. जीभ बाहेर काढून, बापासारखी. मॅडमनं पेन उचललं. उज्वलाला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. निळ्या बुटांच्या पोरानं थोडा वेळ वाट बघितली, मग पाय लांब केला आणि एक लाथ घातली.

पेले फरशीवर सांडले.

सत्यम रडला नाही. तो उठला, शेजारच्याचा हात धरला. शेजारचा म्हणजे ज्यानं लाथ घातली तोच. दुसऱ्या हाताला जवळची मुलगी लागली, तिला धरलं. तिनं दुसरीला धरलं. आणि "चला भायेर," म्हणून तो दारातून निघाला. कुणाला काही कळायच्या आत चौघं जिन्यावर होती.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. आया ओरडत मागं धावल्या. पण लेकरं पळत नव्हती. सत्यम भिंतीकडच्या बाजूनं एकेक पायरी उतरत होता, निळे बूट त्याच्यामागं धपधप येत होते आणि मुली खिदळत होत्या. मागून झडप घातली असती तर सगळी गडगडली असती, म्हणून मॅडमनं हात आडवा करून आयांना थांबवलं. ही तिची अक्कल खरी. सगळी वरात लेकरांच्या चालीनं खाली आली.

सिद्धराम ऑटोत मागं रेलून बसला होता. लेकरांची साखळी बघताच तो बाहेर आला. आधी त्यानं वर इमारतीकडं बघितलं, मग पायाखाली. मग लिंबाखाली उकिडवा बसला.

"पेले पडले का?"

"पडले," सत्यम म्हणाला आणि हात पुढं केला.

सिद्धरामनं खिशातून कागदाची पुडी काढली. गुळाचा खडा दाढेखाली फोडला आणि चौघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. निळ्या बुटांच्या पोराच्या आईनं त्याच्या तोंडात बोट घालून गूळ काढायचा प्रयत्न केला, पण त्यानं गिळला होता.

मॅडम धापा टाकत उभी होती. "हे काय आहे? एखादं पडलं असतं तर? मला कोणी जिवंत सोडलं असतं का?"

"चूक झाली, मॅडम," सिद्धराम उठून म्हणाला. हातातली पुडी त्यानं मागं लपवली. "माझ्यामुळं झालं. मी शिकवलंय त्याला. मोडतो सवय."

उज्वलानं आपल्या नवऱ्याला कधी असं बघितलं नव्हतं. ट्राफिक पोलिसाशी भांडणारा माणूस, शाळेतून हाकलल्यासारखा उभा होता.

मॅडमनं त्याच्याकडं बघितलं. तिचा आवाज खाली आला. "मुलगा हुशार आहे. शेअरिंग अजिबात नाही, पण ते येईल. मी घेते त्याला. फक्त हे पळणं बंद. तशी आमच्याकडं भीती नाही. पहिला महिनाभर आम्ही वर्गाला बाहेरून कडी घालतो. सगळीच मुलं आईमागं पळतात, काय करणार? रडतात, मग बसतात. सवय होते."

"बाहेरून?" उज्वलानं विचारलं.

"फक्त पहिला महिना."

"आन् आत कोण असतंय?"

"मावशी असतात ना. सरजाबाई."

"मग कडी उघडतंय कोण?"

"मी. नाहीतर खालचा शिपाई. तो इथंच असतो." मॅडमनं शिपायासाठी मान वळवली. खुर्ची रिकामी होती. "चहाला गेला असेल," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण तिनं चष्मा काढून पदराला पुसला.

सिद्धराम खाली बघत म्हणाला, "घालू की. महिनाभराचंच हाय."

उज्वलाला पहिल्यांदाच कळलं की ह्या माणसाला लेकराच्या शिक्षणासाठी कडीसुद्धा चालणार आहे. स्वतःसाठी आयुष्यात एकदाही न चाललेली कडी. आणि हे त्याच्याकडून कुणी करून घेतलं होतं? कुठल्या क्लासवाल्यानं नाही, संस्थाचालकानं नाही. घरात सकाळ-संध्याकाळ बेसिक-बेसिक करून तिनंच करून घेतलं होतं.

"शेअरिंग न्हाई म्हणलाव, मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "ज्यानं लाथ घातली त्याचाबी हात धरून आणलं की त्यानं."

आया आपापली लेकरं झाडून-पुसून वर घेऊन गेल्या. निळ्या बुटांचा पोरगा जिन्यावरून मागं वळून सत्यमच्या हाताकडं बघत होता, अजून गूळ आहे का म्हणून.

"इचार करून सांगते," उज्वला म्हणाली आणि ऑटोत बसली.

दुपारी सिद्धराम डबे टाकून आला आणि उशाची परात उचलून चुलीमागं नेऊन उभी केली. पेले धुतले, पुसले आणि मांडणीवर बाकीच्या भांड्यांत लावून टाकले. जणू ते कायम तिथंच होते.

सत्यमला ते संध्याकाळी कळलं. मनतशा आली होती, दोघं आत गेली आणि रिकामी जागा बघून परत आली.

"पप्पा, पेले?"

"आता न्हाई, बाळा. शाळेत जायचंय ना तुला."

सत्यमचा खालचा ओठ पुढं आला. सिद्धराम त्याच्याकडं न बघता ऑटोची काच पुसत राहिला, पुसलेलीच परत पुसत.

उज्वला रात्रीच्या डब्यांची कणीक मळत होती. तिनं हात तसाच ठेवून अंगणात डोकं काढलं. "खाला, अंगणवाडी किती वाजता भरती?"

"दहाला. का गं?"

"दाराला कडी हाय का तिथल्या?"

"कडी?" खाला हसल्या. "कवाच मोडली. आतून चोरून न्यायसारखं काय हाय? खिचडीचं पातेलं, आन् ते बी गळकं."

सिद्धरामचा हात काचेवर थांबला. "उज्वला, मी म्हणलं की मोडतो सवय. माझ्यापायी त्याचं नुकसान नको."

"तुमच्यापायी न्हाई," ती म्हणाली. "बेसिक म्हणून म्हणायले." आणि तिनं आत वळून चुलीमागची परात काढली. पिठाच्याच हातानं. मांडणीवरचे पेले काढले आणि परातीशेजारी ठेवले. तिला रचायला जमलं नाही. दुसराच पेला घसरला.

"तसं न्हाई," मनतशाबरोबर आत आलेला सत्यम म्हणाला, तिला बाजूला ढकलून. "एक उलटा."

त्यानं परातीत रचलं. वरचा पेला मनतशाला हवा होता.

"दे तिला," उज्वला सवयीनं म्हणाली.

"माजा हाय."

मनतशानं चावण्यात वेळ घालवला नाही. तिनं हात मारला आणि सगळी उतरंड परातीत कोसळली. त्या आवाजानं पत्रासुद्धा झणझणला. सत्यमनं मनतशाचा हात धरला, दुसरा हात न बघताच मागं केला आणि त्यात उज्वलाचं कणकेनं भरलेलं बोट आलं. तेच धरून तो निघाला. तिला वाकून चालावं लागलं. उंबऱ्यावर पदर अडकला तो तिनं तसाच ओढला.

शेवग्याखाली सिद्धराम आधीच येऊन उभा होता आणि खिसे चाचपत होता.

"काय पडलं गं?" खालांनी आतून विचारलं.

"काही न्हाई, खाला," उज्वला म्हणाली. "पेले हायेत." आणि तिनंही हात पुढं केला.